जुन्या स्पोर्ट्स कारचे ब्रेक नीट लागत नाहीत? पॅडलपासून चाकापर्यंतची तपासणी

गोव्यात जुनी स्पोर्ट्स कार धावून झिजते त्यापेक्षा उभी राहून जास्त बिघडते. वर्षाला सुमारे ३००० मिमी पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये, आणि वर खारा वारा. जूनमध्ये ताडपत्रीखाली गेलेली गाडी चवथीनंतर बाहेर निघते. इंजिन चालू होते, कार्ब्युरेटर जरा कुरकुरतात, आणि फाटकापाशी ब्रेक दाबला तर पॅडल अर्धे खाली जाऊनही गाडी सरकतच राहते. शेजारी लगेच निदान करतो: एअर धरली आहे, ब्लीड करून टाका, म्हणजे ऑइल सोडत आतली हवा बाहेर काढा. लिटरभर ब्रेक ऑइल ओतल्यावर संध्याकाळी पॅडल जिथे होते तिथेच, कारण हवा नव्हतीच. मागचे शू, म्हणजे ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे अर्धगोल तुकडे, ड्रमपासून लांब राहिले होते.

म्हणून आधी पॅडल काय सांगते ते पाहायचे, त्यावरून कोणत्या चाकाकडे जायचे ते ठरवायचे, आणि ब्लीडिंग सगळ्यात शेवटी. इथली मापे एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारची आहेत: पुढे डिस्क, मागे ड्रम, सुरुवातीच्या गाड्यांत एकच हायड्रॉलिक सर्किट. एमजीए किंवा ट्रायम्फ स्पिटफायरला पद्धत हीच, मापे मात्र त्या गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमधून घ्या. एकच सर्किट असल्यामुळे एक होज (ऑइलची लवचिक नळी) फुटली की चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात आणि हातात फक्त हँडब्रेक उरतो. तेव्हा संशय असलेली गाडी ‘जरा फेरी मारून बघतो’ म्हणून रस्त्यावर काढू नका. निम्म्याहून जास्त तपासणी अंगणात, गाडी उभी असतानाच होते.

गाडी उचलताना जॅक आणि दोन स्टँड हवेत. घराच्या कडेला पडलेले चिरे स्टँड म्हणून लावायची सवय इथे फार आहे. भिंतीत चिऱ्यावर वजन सगळीकडून सारखे येते, ॲक्सलखाली ते एका बिंदूवर येते, आणि जांभा दगड न सांगता फुटतो. चिरा चाकाला अडण म्हणून ठीक आहे, गाडीखाली नाही.

पॅडलचे निदान

इंजिन बंद ठेवा, सीटवर बसा आणि पॅडल सावकाश दाबा.

पॅडल पहिल्यांदा खूप खाली जाते, दोन-तीनदा पंप मारला की वर येते आणि वर आल्यावर दगडासारखे घट्ट लागते? मग यंत्रणेत हवा नाही. कुठेतरी शू किंवा पॅड लांब गेलेले आहेत आणि प्रत्येक पंपासरशी ते जवळ येतात. लांब वाटणाऱ्या पॅडलचे कारण बहुधा मागच्या ड्रममध्ये असते.

पंप मारल्यावर वर येते, पण तरीही पायाखाली उशीसारखे दबते? इथे हवा आहे, किंवा जुनी रबरी होज दाबाने फुगते आहे.

पाय एकसारखा रोवून अर्धा मिनिट धरला आणि पॅडल हळूहळू खाली सरकत गेले? बाहेर कुठेही ओल नसेल, ब्रेक ऑइलच्या टाकीतली पातळीही कमी होत नसेल, तर मास्टर सिलिंडरचा (पॅडलच्या जोराने ऑइल ढकलणाऱ्या मुख्य सिलिंडरचा) आतला रबर कप गेला. ऑइल कपाच्या कडेवरून मागे टाकीत परतते आहे.

पॅडल उंच, घट्ट, पण गाडी थांबत नाही? हायड्रॉलिकचे काम बरोबर चालले आहे. दोष घर्षणाच्या बाजूला आहे: काचेसारखे गुळगुळीत झालेले पॅड, ऑइल प्यायलेले लायनर (शूवरचा घासणारा थर), अडकलेले पिस्टन किंवा बंद पडलेला सर्वो (इंजिनच्या व्हॅक्यूमने पायाचा जोर वाढवणारा भाग).

आणि गाडी एका बाजूला ओढत असेल तर ज्या बाजूला ओढते ती बाजू चांगली, उलट बाजू कामचुकार. लोक नेमके उलटे चाक उघडतात. अपवाद एकच: ब्रेक सोडल्यावरही ओढ राहिली, तर त्या बाजूचा ब्रेक सुटत नाही आहे.

होज क्लॅम्प: पंधरा मिनिटांत अर्धी गाडी वगळा

पॅडल लांब किंवा मऊ असेल तर दोष कुठे आहे हे अंदाजाने ठरवू नका. एमजीबीत लवचिक होज तीनच: पुढे दोन, मागच्या ॲक्सलकडे जाणारी एक. गोल तोंडाचे होज क्लॅम्प तिन्हींवर लावा. साधी पकड वापरू नका, ती होजचे आतले अस्तर कापते. आता पॅडल दाबा. उंच आणि घट्ट झाले तर मास्टर सिलिंडर आणि बॉडीवरचे धातूचे पाइप ठीक आहेत. तरीही मऊ किंवा खाली जाणारे असेल तर चाकांकडे जायची गरजच नाही, दोष वरच आहे.

मग एकेक क्लॅम्प सोडा. ज्या क्लॅम्पनंतर पॅडल अचानक खाली गेले तिथे काम. मागचा सोडल्यावर गेले तर शूचे ॲडजस्टमेंट किंवा मागची हवा. पुढचा सोडल्यावर गेले तर त्या बाजूचा कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग), होज किंवा व्हील बेअरिंग.

बेअरिंगचे नाव ऐकून नवल वाटेल. पुढचे चाक वर-खाली धरून हलवा. हबमध्ये जास्त ढिलाई असेल तर वळणावर डिस्क तिरकी होऊन पॅड मागे ढकलते, आणि वळण संपल्यावरचा पहिला ब्रेक लांब जातो. सरळ रस्त्यावर सगळे ठीक, वळणानंतर पॅडल खाली: ही तक्रार असेल तर आधी बेअरिंग पाहा. एमजीबीच्या पुढच्या हबची ढिलाई शिम (पातळ चकत्या) घालून ०.०५ ते ०.१० मिमीच्या दरम्यान ठेवतात. दोन बेअरिंगमधला स्पेसर ‘जास्तीचा’ समजून काढून टाकलेला कधी कधी सापडतो. तो परत हवाच.

जुन्या होजवर क्लॅम्प लावल्यावर ती होज पुन्हा विश्वासाची राहत नाही. दहा वर्षांहून जुन्या असतील तर तशाही तिन्ही बदलायच्याच आहेत. स्टीलच्या जाळीच्या होज घातल्या तर पॅडल थोडे घट्ट होते, पण त्यांना क्लॅम्प लावता येत नाही हे लक्षात ठेवा.

मागचे शू: इथे घाई नको

एमजीबीच्या मागच्या प्रत्येक बॅकप्लेटवर मागच्या बाजूने चौकोनी टोकाचा एक ॲडजस्टर दिसतो. आत तो पाचरीसारखा शू बाहेर ढकलतो. साध्या पान्याने फिरवला की चौकोनाचे कोपरे गोल होतात, आणि गोल झालेला ॲडजस्टर म्हणजे पूर्ण दिवसाचे काम. चौकोनी ब्रेक पाना घ्या. आदल्या रात्री आणि सकाळी गंजरोधक पातळ तेल मारून ठेवा. लाल माती आणि खारी हवा मिळून त्या आट्यांचे जे करतात ते एका फवाऱ्याने सुटत नाही. तेल बेताने मारा, ते ड्रमकडे झिरपू देऊ नका.

आधी हँडब्रेक पूर्ण सोडा आणि त्याची केबल ढिली आहे याची खात्री करा. ओढलेल्या केबलवर शू ॲडजस्ट केले तर माप खोटे येते. चाक जमिनीपासून वर घेऊन ॲडजस्टर उजवीकडे फिरवत जा, चाक हाताने फिरेनासे होईपर्यंत. आता कोणाला तरी पॅडल जोरात दाबायला सांगा. शू ड्रममध्ये मध्यावर बसतात, आणि तुम्हाला ॲडजस्टर आणखी थोडा फिरवता येतो. हे दोनदा करा. मग एकेक खटका मागे या, चाक मोकळे फिरेपर्यंत. बहुधा दोन खटके पुरतात. हलकी घासल्यासारखी खसखस चालेल, एका जागी अडणे चालणार नाही. एकाच जागी अडत असेल तर ड्रम लंबगोल झाला आहे.

दोन्ही बाजू झाल्या की पॅडल पाहा. बऱ्याच गाड्यांचा आजार इथेच संपतो आणि ब्रेक ऑइलचा डबा उघडावाच लागत नाही. हँडब्रेकची केबल त्यानंतर ओढायची.

ॲडजस्टर शेवटपर्यंत फिरवूनही शू ड्रमला लागत नसतील तर लायनर संपले आहेत, किंवा लेथवर ड्रम जास्त कापला गेला आहे. ड्रम व्यासात सुमारे दीड मिमीपेक्षा जास्त कापू नये हा सर्वसाधारण नियम. त्याआधीही एक अडचण येते: ड्रम मोठा झाला की शूची गोलाई त्याला जुळत नाही, लायनर फक्त मधोमध टेकतो आणि पॅडल घट्ट असूनही ब्रेक निम्माच लागतो. लायनरवर चकाकी फक्त मध्यभागी दिसली तर हेच समजा.

ड्रम उघडल्यावर

आतली काळी भुकटी तोंडाने किंवा हवेच्या पाइपने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. साबणाच्या पाण्याचा फवारा मारून ओल्या फडक्याने पुसा आणि फडके टाकून द्या.

शू ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरच्या टोकाची रबरी टोपी पातळ स्क्रू-ड्रायव्हरने हलकेच उचला. आत कोरडे हवे. टोपीखाली ऑइलचा थेंब साचलेला असला तर कप गेला आहे, बाहेर अजून ओघळ आला नसला तरी. बोअर (सिलिंडरचे आतले भोक) पाहा: बोटाच्या नखाला खाच लागली तर रबराचे किट बदलून उपयोग नाही, पूर्ण सिलिंडर बदला. नवा रबर त्या खाचेवरून दोन महिने टिकतो, मग पुन्हा तेच. ही खाच गाडी उभी असताना पडते. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते, पाणी तळाशी धातूला चिकटून राहते आणि पिस्टन चार महिने एकाच जागी बसलेला असतो.

लायनर ओलसर काळा दिसत असेल तर बोटावर घ्या. ब्रेक ऑइल पाण्याने धुतले जाते. गियरचे ऑइल धुतले जात नाही आणि त्याला उग्र वास येतो. गियरचे ऑइल असेल तर हबचा सील गेला आहे, पण सील बदलण्याआधी ॲक्सलवरचे हवेचे छिद्र तपासा. मातीने ते बुजले की आतली गरम हवा ऑइल सीलमधून बाहेर ढकलते, आणि नवा सीलही गळू लागतो. डिफरन्शियलमध्ये ऑइल जास्त भरले तरी हेच होते. ऑइल प्यायलेला लायनर पेट्रोलने धुऊन, शेगडीवर भाजून कोरडा करण्याचे उद्योग करू नका. गरम झाला की आतले ऑइल पुन्हा वर येते. दोन्ही बाजूंचे शू एकदम बदला.

पुढचे कॅलिपर आणि फसवी होज

दोन-तीन किलोमीटर हळू चालवून ब्रेक लावत या आणि चारही चाकांजवळ तळहात न्या, टेकवू नका. पुढची दोन्ही सारखी गरम, मागची त्याहून कमी, हे बरोबर. पुढचे एखादे थंड राहिले तर ते काम करत नाही. एखादे पोळत असेल तर ते सुटत नाही.

पॅड काढून पाहा. आतला झिजलेला आणि बाहेरचा जाड असेल तर बाहेरचा पिस्टन अडकला आहे. मॅन्युअलची किमान जाडी १.६ मिमी आहे. आमच्या मते तीन मिमीला बदलावेत, घाटात पातळ पॅड उष्णता सरळ ऑइलकडे पाठवतो. अडकलेला पिस्टन काढायला कॅलिपर गाडीवर जोडलेला असतानाच पॅडलचा दाब वापरा: मोकळा पिस्टन जी-क्लॅम्पने धरा, पॅडल सावकाश दाबा, अडकलेला बाहेर येतो. कॉम्प्रेसरची हवा लावणार असाल तर समोर लाकडाची फळी ठेवा आणि बोटे लांब, कारण पिस्टन गोळीसारखा सुटतो. क्रोमवर गंजाचे खड्डे दिसले तर घासून घेऊ नका. स्टेनलेस पिस्टन आणि नवे सील घाला. सील बसवताना लाल रबर ग्रीस किंवा नवे ब्रेक ऑइल वापरा. साधे ग्रीस, इंजिन ऑइल, रॉकेल यांपैकी काहीही लागले की रबर फुगतो.

कॅलिपर परत लावताना ब्लीड निपल (हवा आणि ऑइल सोडायचे तोंड) वरच्या बाजूला आहे ना, पाहा. डावा-उजवा अदलाबदल झाला की निपल खाली जातो, आणि कितीही ब्लीड केले तरी वरची हवा तिथेच.

पिस्टन मोकळे असूनही एक चाक सुटत नसेल तर निपल जरासा उघडा. ऑइल दाबाने उडाले आणि चाक मोकळे झाले, तर आतून सुजलेली होज एका दिशेच्या व्हॉल्व्हसारखी वागते आहे: पायाचा जोर ऑइल आत ढकलतो, परत येताना वाट बंद. बाहेरून अशी होज अगदी चांगली दिसते.

मास्टर सिलिंडर

पॅडलच्या पाय ठेवायच्या टोकाला सुमारे तीन मिमी मोकळा खेळ हवा. तो नसेल तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही, टाकीकडचे बारीक छिद्र झाकलेले राहते, आणि गरम होऊन फुगलेल्या ऑइलला परतायला जागा नसते. सकाळी चांगले लागणारे ब्रेक पर्वरीच्या ट्रॅफिकमध्ये आपोआप धरू लागतात ते यामुळे.

मूळ सिलिंडर मिळत नाही म्हणून ‘बसतो ना’ असा दुसऱ्या गाडीचा लावणे हे कमकुवत ब्रेकचे लपलेले कारण असते. एमजीबीच्या एका सर्किटच्या सिलिंडरचा बोअर पाऊण इंच, म्हणजे १९.०५ मिमी. त्या जागी सात-अष्टमांश इंचाचा, २२.२ मिमीचा लावला तर पिस्टनचे क्षेत्रफळ सुमारे ३६ टक्के वाढते आणि त्याच पायाच्या जोरावर दाब सुमारे २६ टक्के घटतो. पॅडल छान उंच आणि घट्ट लागते, मालक खूश होतो, आणि गाडी थांबत नाही. बोअर सिलिंडरच्या अंगावर ओतीव आकड्यात लिहिलेला असतो. नसेल तर व्हर्नियरने मोजा.

पाइपच्या नटांचेही तसेच. या गाड्यांचे नट तीन-अष्टमांश इंची, २४ आट्यांचे. बाजारात सहज मिळणारे १० मिमीचे, एक मिमी पिचचे. इंची नट मिमीच्या भोकात ढिला बसतो, दोन आटे धरल्यासारखे वाटतात, आणि जोरात ब्रेक मारला की आटे निसटतात. नवे पाइप करायचे तर तांबे-निकेल मिश्रधातूचे करा, ४.७५ मिमी व्यासाचे. समुद्राकाठी स्टीलचा पाइप क्लिपखाली कुजतो आणि क्लिप काढेपर्यंत कळत नाही.

एमजीएमध्ये ब्रेक आणि क्लचचे मास्टर सिलिंडर एकाच ओतीव घरात, एकाच टाकीखाली आहेत. पातळी कमी होते आणि चाके कोरडी आहेत, तर क्लचचा खालचा सिलिंडर पाहा.

पॅडल घट्ट, ब्रेक नाही

सर्वो असेल तर इंजिन बंद ठेवून पाच-सहा वेळा पॅडल दाबा, पाय दाबून ठेवा आणि इंजिन चालू करा. पॅडल किंचित खाली जायला हवे. नाही गेले तर व्हॅक्यूमची नळी आणि एकतर्फी व्हॉल्व्ह आधी पाहा, नळीला तडा गेलेला असतो. वेगळ्या जागी बसवलेल्या सर्वोमध्ये सील गेला तर ब्रेक ऑइल इंजिनमध्ये ओढले जाते: टाकी रिकामी होते, बाहेर थेंब नाही, आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर. सर्वो नसलेल्या गाडीला तो लावून ब्रेक ‘सुधारू’ नका. पायाचे कष्ट कमी होतात, गुळगुळीत पॅड गुळगुळीतच राहतात.

पॅडवर चकाकी असेल तर सपाट काचेवर ८० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून घासा. शर्यतीचे कडक पॅड मात्र काढूनच टाका, ते गरम झाल्याशिवाय पकडत नाहीत आणि म्हापसा ते पणजी या प्रवासात गरम होत नाहीत.

ब्लीडिंग

डॉट ४ प्रतीच्या ब्रेक ऑइलचे अर्ध्या लिटरचे दोन सीलबंद डबे घ्या. नव्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश से., ओल शोषल्यावर तो १५५ पर्यंत उतरू शकतो. मागच्या वर्षीचा उघडा डबा पावसाळ्यानंतर वापरू नका. टाकीतले ऑइल कोऱ्या चहाच्या रंगाचे असेल तर वरची भर पुरेशी नाही, सगळे बदला. सिलिकॉनचे डॉट ५ ओल शोषत नाही म्हणून इथे मोह होतो. पण ते डॉट ४ मध्ये मिसळता येत नाही, सगळे सील बदलावे लागतात, आणि आत शिरलेले पाणी खोलगट जागी साचून तिथेच गंज चढवते. दरवर्षी ऑइल बदलायची तयारी असेल तर डॉट ४ बरे.

आधी मागचे ॲडजस्टर पूर्ण घट्ट करा, म्हणजे सिलिंडरमध्ये ऑइल कमी मावते आणि हवा लवकर निघते. पॅडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. जुन्या मास्टर सिलिंडरच्या बोअरचा पुढचा, कधी न वापरलेला भाग गंजलेला असतो. पॅडल तळापर्यंत दाबले की कप त्या गंजावर फाटतो. ब्लीड करून आल्यावर ब्रेक आणखी बिघडल्याच्या बहुतेक तक्रारींचे मूळ हे.

उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत क्रम: मागे डावे, मागे उजवे, पुढे डावे, पुढे उजवे. डाव्या स्टिअरिंगची असेल तर डावे-उजवे उलटे. निपलला पारदर्शक नळी लावून तिचे टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवा. आत बसलेल्याने ‘दाबले’ म्हणायचे, तुम्ही निपल अर्धा फेरा उघडायचा, पॅडल खाली गेले की बंद करायचा, मगच ‘सोड’. सोडताना सावकाश, दोन सेकंद थांबून. दर पाच-सहा दाबांनी टाकी पाहा, अर्ध्याखाली गेली की हवा ओढलीच समजा. कॅलिपरवर लाकडी हातोडीने टकटक केली की चिकटलेले बुडबुडे सुटतात. रंगावर थेंब पडला तर लगेच पाण्याने धुवा, पुसत बसू नका. शेवटी ॲडजस्टर परत दोन खटके मागे.

रस्त्यावर

निघण्याआधी पॅडल घट्ट होईपर्यंत दाबा, इंजिन चालू ठेवून मिनिटभर पाय रोवा, सगळे जोड कोरड्या कागदाने पुसून पाहा. नवे पॅड किंवा शू असतील तर मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० वरून १५ पर्यंत आठ-दहा वेळा मध्यम जोराने ब्रेक लावा, मधे अर्धा किलोमीटर थंड होऊ द्या, आणि तापलेल्या डिस्कवर पॅडल दाबून उभे राहू नका.

चोर्ला किंवा अनमोडहून गोव्याकडे उतरताना गियर दुसरा ठेवा. उतरताना पॅडल एकाएकी मऊ झाले तर ऑइलला उकळी फुटून वाफ झाली आहे. गियर खाली घ्या, पंप मारत कडेला थांबा, अर्धा तास थंड होऊ द्या. थंड झाल्यावर पॅडल पूर्ववत होते म्हणून पुढे निघू नका, ते ऑइल आता बदलायचेच.

रायबंदर-चोडण फेरीबोटीच्या उतारावर भरतीच्या वेळी चाके मांडवीच्या खाऱ्या पाण्यात जातात. पलीकडे गेल्यावर शंभर-दोनशे मीटर डाव्या पायाने ब्रेक हलका लावत चला म्हणजे ड्रम सुकतात, आणि घरी आल्यावर चाकांच्या आतून गोडे पाणी मारा.

मे महिन्यात ऑइल बदलून गाडी झाकायची असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नका, शू ड्रमला गंजाने चिकटतात. गियरमध्ये ठेवा, चाकांना अडण लावा. दर पंधरा दिवसांनी ताडपत्री वर करून पॅडल वीसेक वेळा दाबा, आणि अडण काढून, गियर न्यूट्रलला घेऊन, गाडी अर्धे चाक पुढे ढकला.